‘ओन्ली’ची जागा

‘आय अ‍ॅम इन खडेबाजार ओन्ली.’ ‘यस्टर्डे ओन्ली आय टोल्ड हिम.’ वाक्याच्या शेपटाला ‘ओन्ली’ जोडायची सवय साऱ्या भारताची. पण बेळगाव-निपाणीकडे तिला दुहेरी बळ आहे. मराठीतलं ‘इथंच’ कानडीत ‘इल्ले’ होतं, ‘मीच’चं ‘नाने’ होतं. दोन्हीकडे जोर शब्दालाच चिकटतो. इंग्रजीत असा प्रत्यय नाही, म्हणून त्याच्या जागी आपण ‘ओन्ली’ला कामाला लावलं.

इंग्रजीत मात्र ‘ओन्ली’चं मुख्य काम कुंपण घालायचं: एवढंच, यापलीकडे नाही. नुसता जोर द्यायचा तर ‘राइट हिअर’ म्हणावं. ‘कालच’साठी ‘ओन्ली यस्टर्डे’ चालतं, पण ‘ओन्ली’ आधी यायला हवं. जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘ओन्ली सुमन गेव्ह मी टेन रुपीज’ म्हणजे सुमननंच दिले, दुसऱ्या कुणी नाही. ‘सुमन गेव्ह ओन्ली मी टेन रुपीज’ म्हणजे मलाच दिले. ‘सुमन गेव्ह मी ओन्ली टेन रुपीज’ म्हणजे दहाच दिले. पहिल्यात सुमनचं कौतुक, तिसऱ्यात तक्रार! बोलताना ‘आय ओन्ली हॅव टेन रुपीज’ असं क्रियापदाआधी ‘ओन्ली’ आलं तरी बिघडत नाही. इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलरनं 1926 सालीच अशा बोलण्याची बाजू घेतली होती. पण अर्जात, करारात, जिथं शब्दावरून वाद होऊ शकतो तिथं, ज्या शब्दाला मर्यादा घालायची त्याच्याच शेजारी ‘ओन्ली’ बसवावं. चेकवर ‘रुपये पाच हजार फक्त’ लिहितो ते याचसाठी, पुढं कुणी काही वाढवू नये म्हणून.

या ‘फक्त’ला कानडीत ‘मात्र’ म्हणतात. कर्नाटकाच्या बसमध्ये ‘महिळेयरिगे मात्र’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त महिलांसाठी. नव्यानं कानडी अक्षरं लावणारा मराठी माणूस ते ‘महिलांना मात्र...’ असं वाचतो आणि पुढचं वाक्य शोधत बसतो! आपल्याकडे ‘मात्र’ बहुधा ‘पण’च्या अर्थानं येतो, जुना अर्थ ‘नाममात्र’, ‘क्षणमात्र’ अशा शब्दांत उरला आहे. गंमत अशी की इंग्रजी ‘ओन्ली’त हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘आय वुड कम, ओन्ली इट इज रेनिंग’ म्हणजे आलो असतो, पाऊस मात्र पडतोय.

कुंपणाच्या शब्दाची खरी परीक्षा सीमेवरच होते. निपाणीचं देवचंद कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. ते आहे अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. ‘निपाणीचं कॉलेज’ म्हटलं तर कुणी हरकत घेणार नाही. ‘इन निपाणी ओन्ली’ म्हटलं की अख्खं राज्य चुकतं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव-निपाणीचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनचा वाद कोर्टात आहे आणि तो सुटायलाच हवा. पण मराठीत भांडून कानडीत भाजीचा भाव करणाऱ्या माणसाला ‘तू हाच की तोच?’ असं विचारलं, तर त्याचं निम्मं आयुष्य कुंपणाबाहेर राहतं.

‘ओन्ली’ काय किंवा ‘च’ काय, लावायला सोपा आणि निस्तरायला अवघड. आपला हक्क सांगताना तो जरूर लावावा. दुसऱ्याविषयी बोलताना, ‘ते लोक असलेच’ म्हणण्याआधी, त्या ‘च’नं आपण कुणाकुणाला बाहेर ठेवतोय ते एकदा बघावं.