उसनी जाग

उसने मागण्यात पाप नाही. विरजणापुरते दही, अवचित पाहुणा आला म्हणून वाटीभर साखर, पेरणीच्या तोंडावर पायलीभर बियाणे. अशा उसनवारीवरच आपली गावे उभी राहिली. मात्र उसनवारीचा एक अलिखित कायदा आहे. आपण काय घेतले, किती घेतले आणि केव्हा फेडावयाचे, हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. जो कायदा वाटीभर साखरेला, तोच जागेपणालाही लागू करावा की काय, असा प्रश्न मला अलीकडे पडू लागला आहे.

निमित्त लहानसेच घडले. माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याची आई चहा देत नाही. ‘चहा प्यायलास तर काळा होशील,’ ही आपली जुनी धमकी तिच्याही तोंडी आहे. तोच मुलगा सुटीत शहरी मावशीकडे गेला की संध्याकाळी कोल्ड कॉफीचा मोठा पेला रिचवतो आणि मध्यरात्रीपर्यंत टक्क जागा राहतो. मी कारण सुचविले, तेव्हा तो हसून म्हणाला, “सर, ती कुठली कॉफी? ते तर आइस्क्रीमच!”

मी रसायनशास्त्री नव्हे. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तरी एवढे वाचून कळते, की दिवसभराच्या जागेपणाबरोबर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते आपल्याला झोपेकडे ओढते. कॅफीन या द्रव्याच्या जागा अडवून बसते. शीण जात नाही. शिणाचा निरोप तेवढा पोचत नाही. सावकार दारात उभाच असतो, आपण फक्त कडी लावून घेतो. आणि ही कडी लवकर निघत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातले कॅफीन निम्म्यावर यावयास साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या पेल्याचा अर्धा अंश रात्री अकरालाही आत जागता असतो.

हे द्रव्य १८१९ मध्ये रुंगे नावाच्या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने वेगळे काढले. आणि त्याच्या हाती कॉफीच्या बिया देणारा होता महाकवी गटे. कवीलाही या कडू बीमध्ये काही गूढ आहे असे वाटले, यात नवल नाही. कॅफीन मुळात कडूच. हा कडूपणा मला घराच्या राखणदारासारखा वाटतो. गरम, कडसर पेय मनुष्य बशीत ओतून, फुंकर घालून, घोटाघोटाने पितो. पुरे झाले की जीभच सांगते. पण बर्फ, दूध, साखर आणि वर मलई घालून ते घुसळले, की राखणदाराला गुंगी येते आणि नळीवाटे सारा पेला दोन मिनिटांत आत जातो.

अशा पेयाला जगभर नाव मिळाले ते ‘फ्रॅपुचिनो’मुळे. बोस्टनच्या एका कॉफी-दुकानमालिकेचे हे नाव, ती मालिका विकत घेतल्यावर, स्टारबक्सने १९९५ पासून आपल्या पेल्यांना दिले. आपल्याकडे १९९६ मध्ये बंगळुरात ‘कॅफे कॉफी डे’ निघाले, २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आले. आणि आता ‘कोल्ड कॉफी’ हे शब्द आमच्या बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या मुलांनाही नवे राहिलेले नाहीत.

थोडा हिशेब मांडू. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, गर्भवतींसाठी २०० आणि मुलांसाठी वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम कॅफीन चिंतेचे नाही असे सांगितले. तीस किलोच्या मुलाला म्हणजे ९०. एस्प्रेसोच्या एका मापातच साठ-सत्तर मिलिग्रॅम असते. पेल्यात दोन मापे पडली, तर मुलाची मर्यादा तेथेच ओलांडली गेली.

कायदा स्वस्थ बसलेला आहे असे नाही. डब्यातल्या कॅफीनयुक्त पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन नसावे आणि ती मुलांसाठी नाहीत असे डब्यावर छापावे, असा आपल्या देशात नियम आहे. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेये विकू देणार नाही, असे जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. दहा वा अधिक शाखांच्या उपाहारगृहांना पदार्थांचे उष्मांकही दाखवावे लागतात. पण समोर घुसळून दिलेल्या पेल्यात कॅफीन किती, हे सांगण्याचे बंधन त्या नियमात नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, ज्याचे पैसे त्याची जीभ. तुम्ही का आड येता? मी आड येत नाही. जाणत्याने जाणून घेतलेला पेला हा त्याचा अधिकार आहे. परंतु अधिकार वापरावयाचा तर आधी माहिती हवी. न वाचता केलेल्या अंगठ्याला आपण संमती म्हणत नाही; मग ‘हे आइस्क्रीमच’ असे समजून प्यालेल्या पेल्याला संमती का म्हणावे?

आणि सगळा दोष दुकानावर टाकून मोकळे होणेही न्यायाचे नाही. ही उसनी जाग कोणाला हवी आहे? आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर रात्रभर गाडी हाकणाऱ्याला ती हवी असते, कारण आपला माल उद्याच पोचावा असा आपला हट्ट असतो. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला ती हवी असते, कारण शेजारच्याचा दिवा अजून जळतो आहे, हे आपणच त्याला खिडकीतून दाखवतो. कर्ज त्याच्या नावावर, खर्च मात्र आपला! माणसाची झोप ही त्याची मिळकत आहे, आणि दुसऱ्याच्या मिळकतीवर आपली घाई चालविणे ही नीतीची गोष्ट नव्हे.

म्हणून करावयाचे ते थोडेच. पेला मुलाच्या हाती देण्यापूर्वी, ‘यात कॉफीची मापे किती?’ असे निःसंकोच विचारावे. आणि रात्री उशिरा त्याच्या खोलीत दिवा दिसला, तर कौतुक करण्याआधी तो विझवावा.

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याचा वास येताच तीच मुले हाक न मारता अंथरुणातून उठतील. त्या जागेला दूध, बर्फ, साखर काही लागत नाही. ती त्यांची स्वतःची असते. वर्षातले आणखी काही दिवस तरी त्यांना तसे जागे होता यावे, एवढे आपल्या हाती आहे.