काहींचा अपराध, सर्वांस शासन

वाचकहो, एकाने चोरी केली म्हणून सबंध वाड्यावर आळ येतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी सोसले आहे. सन १९४३ मध्ये जर्मन अंमलाखालील वोल्हीनिया प्रांती युक्रेनी बंडखोरांनी हजारो पोलिश शेजारी लेकराबाळांसह ठार मारिले. हे पाप आम्ही लहान म्हणत नाही. परंतु महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, पोलंडच्या सरकारने आपल्या आग्नेय भागांतील सुमारे १,४०,००० युक्रेनी व लेम्को लोक गावांतून उठविले. बंडखोरांस आसरा मिळू नये, हे कारण. तर मग अंगावरच्या पोराने कोणास आसरा दिला होता? त्या लोकांस उत्तरेकडे व पश्चिमेकडे नेऊन पांगविले. तेथील पुष्कळ घरे जर्मन रहिवाशांस घालवून रिकामी केलेली होती.