बाळसं उतरायचं वय

मराठीत मूल बाळसं धरतं आणि मग त्याचं बाळसं उतरतं. आठव्या-नवव्या महिन्यात मनगटाला वळ्या पडतात, मांड्यांवर घड्या येतात, गाल भरून येतात. पोर चालायला, धावायला लागलं की हे सगळं हळूहळू ओसरतं. धरणं आणि उतरणं ही क्रियापदं आज्या-पणज्यांनी जोडीने ठेवली, कारण कित्येक मुलं वाढवताना त्यांनी हे वळण पाहिलेलं होतं. वैद्यकशास्त्राने तेच आकड्यांत मांडलं. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास शिखरावर असतो. मग तो उतरत जातो, पाचव्या-सहाव्या वर्षी तळ गाठतो आणि तिथून पुन्हा चढू लागतो. पहिलीत जायच्या वयाचं मूल काटकुळं दिसतं, आंघोळ घालताना त्याच्या बरगड्या दिसतात, आणि बहुतेक वेळा ते अगदी ठणठणीत असतं.

हे उतरणं आज आपल्याला बघवत नाही. तीन वर्षांच्या मुलाला डॉक्टरकडे नेलं जातं ते "खातच नाही हो, पार सुकलाय" म्हणत. घरी वाटी घेऊन त्याच्यामागे धावणं सुरू होतं. चिऊ-काऊच्या घासाची जागा मोबाइलने घेतली आहे. पडद्याकडे बघत मूल तोंड उघडतं आणि गिळतं. दुधात चॉकलेटची पावडर पडते. तेही चालेनासं झालं की "काहीतरी पोटात जाऊ दे" म्हणून बिस्किटांचा पुडा फुटतो. पोट भरलं की तोंड फिरवायचं, हे ज्ञान घेऊनच मूल जन्माला येतं. अंगावर पिणारं तान्हं बाळ ते अचूक वापरतं. दोन-तीन वर्षांच्या आग्रहाने आपण ते त्याच्याकडून काढून घेतो. हे करणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. ज्या समाजाने कालपरवापर्यंत दर घरात एखादं मूल गमावलं, त्याला भरलेल्या गालांत जीव दिसतो, आणि ती भीती खोटी नव्हती.

पण तिची किंमत आता वेगळ्या चलनात मोजावी लागते आहे. १९६९ ते १९७२ या काळात दिल्लीत जन्मलेल्या मुलांची उंची-वजनं वर्षानुवर्षं नोंदवली गेली आणि तिशीच्या आसपास त्यातल्या सुमारे १५०० जणांची रक्तातली साखर तपासली गेली. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर त्या तरुण वयातच बिघडलेली आढळली, ते लोक तान्हेपणी इतरांपेक्षा बारीक होते. मग त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा लवकर तळ गाठून वर वळला आणि चढतच राहिला. बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल आंतरराष्ट्रीय मापाने लठ्ठ नव्हतं. या शेवटच्या वाक्यापाशी मी पहिल्यांदा थांबले, तेव्हा मला आपल्या शाळांचे वर्गफोटो आठवले. त्या फोटोत बोट ठेवून "हे मूल लठ्ठ, याला जपा" असं आपण म्हणू शकलो नसतो.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं की आपल्याकडचा मुलांचा लठ्ठपणा हा सुबत्तेचा आजार समजणं चूक आहे. त्याची मुळं अर्धपोटी राहण्यात आहेत, आणि मूल जन्मण्याआधीच ती रुजलेली असतात.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा पुण्याने जगाला दिला. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. या बायकांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींना शेतातलं काम चुकत नव्हतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं, ज्यांच्याशी तुलना केली, ती साडेतीन किलोची होती. इथवर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. पण संशोधकांनी बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा लावून कातडीखालची चरबी मोजली. बाळ सगळ्या मापांत लहान होतं. पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. चरबी मात्र जवळजवळ शाबूत होती. अंगाने बारीक आणि आतून चरबीदार असं हे बाळ होतं.

हे कसं घडतं हे समजून घेण्यासारखं आहे. गर्भात रसद तोकडी पडली की शरीर वाटणी करतं. मेंदूला आधी मिळतं, पुढच्या टंचाईसाठी चरबी राखली जाते, आणि कात्री लागते ती स्नायूंना, यकृताला, स्वादुपिंडाला. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त शोषून घेतात ते स्नायू. ते मुळातच कमी असले आणि इन्शुलिन तयार करणारं स्वादुपिंडही बेताचं असलं, तर पुढे आयुष्यात खाणं मुबलक झाल्यावर ते ठेवायला जागा उरते ती पोटाभोवतीच. २००४ मध्येच डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. मराठी माणसाच्या प्रकृतीविषयी इतकं नेमकं बोलणारं दुसरं चित्र मी पाहिलेलं नाही.

त्याच गावांत आणखी काही सापडलं. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खात-पीत होत्या, त्यांची बाळं वजनाने चांगली भरली. दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला नीट दाद देत नव्हतं. बी-१२ मिळतं ते दुधातून आणि मांसाहारातून. आपल्या खेड्यांत दूध निघतं, पण भल्या पहाटे किटलीतून डेअरीवर जातं. घरात उरतं ते चहापुरतं.

कुपोषण हा शब्द आपण हाडं निघालेल्या मुलासाठी राखून ठेवला आहे. मेळघाट, नंदुरबार म्हटलं की तो आठवतो. पण शब्दाची फोड साधी आहे: वाईट पोषण. कमी पोषण असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि त्याच वयोगटातली वजनदार मुलं मागच्या पाहणीतल्या २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेली. तीन टक्के म्हणजे काहीच नाही असं कुणी म्हणेल. त्याने २०१६-१८ ची देशव्यापी पोषण पाहणी बघावी. १० ते १९ वर्षांच्या मुलांत जास्त वजनाची मुलं होती सुमारे ५ टक्के, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचलेली सुमारे १० टक्के. म्हणजे उंबरठ्यावरच्या मुलांपैकी निदान निम्मी वजनदार नव्हतीच. वजनकाटा त्यांना निरोगी ठरवत होता. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली वाढीचे जे तक्ते स्वीकारले, त्यांत मोठ्यांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या इशाऱ्याच्या रेषा आहेत. पाश्चात्त्य मापापेक्षा त्या खाली आहेत, आणि त्याचं कारण हेच. घरी एक साधी खूणही पुरते: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त झाला की लक्ष द्यायचं.

अशा तयारीनिशी जन्मलेल्या मुलासमोर आपण काय मांडून ठेवलं आहे, ते बघायला कुठल्याही शाळेच्या रस्त्यावर मधल्या सुट्टीत उभं राहावं. टपरीवर पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात: तळलेलं पीठ, मीठ, पामतेल, रंग. शेजारी शीतपेयं. अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. केळं त्याच पैशांत येतं, पण केळ्याला जाहिरात नाही, क्रिकेटपटू नाही, आत खेळणं नाही. मोलमजुरीला जाणारी आई सकाळी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवते तेव्हा ती निष्काळजी नसते. दहा रुपयांत पोराला हसू आणि दोन तासांचा आधार देणारी तीच एक गोष्ट तिच्या आवाक्यात असते. खाऊ हा शब्द मला फार प्रिय आहे. बाहेरून आलेला माणूस मुलासाठी खाऊ आणतो, त्यात माया असते. ती माया आता कारखान्यात भरलेल्या पुडीत विकली जाते.

कागदावर आपण मागे नाही. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहातून चिप्स, नूडल्स, शीतपेयं बाद केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी तर अति चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली. पन्नास मीटर म्हणजे आठवीतल्या मुलाची पाऊण मिनिटाची चाल, आणि तेवढीही मर्यादा पाळलेली मला क्वचितच दिसली. चिलीने २०१६ पासून वेगळी वाट धरली. तिथे पुड्यावर मोठा काळा अष्टकोन असतो आणि त्यात साखर जास्त, मीठ जास्त एवढंच लिहिलेलं असतं. अष्टकोन असलेल्या पुड्यावर मुलांना भुलवणारं कार्टून छापता येत नाही आणि तो शाळेत विकता येत नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो पुड्यांना तारे देण्याचा. तारा ही शाबासकी आहे. ज्या पुड्यापासून मुलाला सावध करायचं, त्याला एक का होईना तारा देणं मला अजिबात पटत नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही काळी खूण कळेल.

खेळाबद्दल थोडंच सांगते, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. रोज तासभर अंग घामेजेल असं हुंदडणं मुलांना हवं. पी.टी.चा तास गणिताला देणं आणि मैदानावर गाड्या लावणं थांबवायला कुठल्याही संशोधनाची गरज नाही. मुलींचं खेळणं पाळी सुरू झाल्यावर बंद होतं, हे मात्र ठळकपणे सांगायला हवं, कारण सगळा धागा तिथेच येऊन मिळतो.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून काही वर्षं एक प्रयोग झाला. गरोदर राहण्याआधीपासून बायकांना रोज एक खाणं दिलं गेलं, ज्यात पालेभाजी, फळ आणि दूध होतं. ज्यांनी दिवस राहण्याआधी निदान तीन महिने ते खाल्लं, त्यांची बाळं सरासरी थोडी अधिक भरली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. तो हे खाणं न मिळालेल्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला, मिळालेल्या गटात ७.३ टक्के. औषध नव्हतं, फक्त रोजची भाजी-फळं-दूध होती, आणि ती वेळेवर मिळाली होती. मुलांचा लठ्ठपणा रोखायची वेळ ती होती: बाळ होण्याआधी, आई स्वतः मुलगी असताना.

माझी भाची सातवीत आहे. गेल्या वर्षी वर्गातल्या मुलांनी तिला "जाडी" म्हणायला सुरुवात केली. तिने कुणाला न सांगता डबा खाणं बंद केलं. दूध सोडलं, पोळी-भाजी परत यायला लागली, आणि चार वाजता भुकेने कासावीस होऊन ती दुकानातली पुडी फोडू लागली. वजन घटलं नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊवर आलं होतं. वजनदार आणि कुपोषित, दोन्ही एकाच पोरीत. तिच्या आईने डॉक्टरांना विचारलं, "किती किलो कमी करायचं?" डॉक्टर म्हणाल्या, "एकही नाही. वजन आहे तिथे राहू दे, उंची वाढतेय, ती गाठेल त्याला. तिला जेवू घाला."

आता सगळ्यांच्या ताटात आधी भाजी पडते, तिच्या भावाच्याही. संध्याकाळी दोघं बिल्डिंगखाली लंगडी खेळतात. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तिच्या उंचीच्या रेघा आहेत. परवा गेले तेव्हा नवी रेघ तिने स्वतःच ओढली होती, आणि शेजारी तारीख लिहिली होती.