गिअर ऑइल आणि स्वकर्माची पूजा

वृद्ध भाविकांना देवळापर्यंत नेणाऱ्या बॅटरी गाडीला इंजिन नाही, म्हणजे ऑइलची कटकट नाही, असा सर्वसाधारण समज असतो. मागच्या ॲक्सलमधल्या गिअरना मात्र तेल लागतेच. ते बदलणे ही सेवा की नुसती देखभाल? बुलढाणा जिल्ह्यातील शेगावात हा प्रश्न वायफळ ठरत नाही. गजानन महाराज येथे 1878 मध्ये प्रकट झाले आणि 1910 मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या संस्थानात असंख्य सेवेकरी पाळीपाळीने, मोबदल्याविना राबतात.

गीतेचा अठरावा अध्याय सांगतो की स्वकर्मानेच ईश्वराची पूजा होते. ज्ञानेश्वरी त्या कर्माला फुलांची उपमा देते. अडचण येथेच आहे. फूल वाहताना भाव पुरतो, तेल बदलताना पुरत नाही. जाणता माणूस आधी वरचे, तेल भरायचे बूच सैल करून पाहतो आणि मगच खालचे काढतो. उलटे केले आणि वरचे गंजून अडकलेले निघाले, तर गाडी तेलाविना उभी! काळ्या तेलात धातूचा कीस चमकला तर दाते झिजत आहेत. नवे तेल भोकाच्या कडेपर्यंतच भरायचे. जास्त झाले तर सीलमधून गळते.

निष्काम कर्म म्हणजे फळाबद्दल बेफिकिरी, हा सोयीचा अर्थ येथे टिकत नाही. गीता सोडायला सांगते ती आसक्ती. कर्मातील कौशल्याला तर ती दुसऱ्या अध्यायात योगच म्हणते. पगारी मेकॅनिकने देवाचे नावही न घेता हेच काम चोख केले, तर? ज्ञानेश्वरीची उपमा अर्पणाची असल्याने त्याला पूजा म्हणणे कठीण. स्वधर्माचरण मात्र ते निश्चित ठरते.