शालान्ताची मुदत

पवनेच्या काठचे पुनावळे हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले, आणि ज्या शिवारांच्या सातबाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पिकांच्या नोंदी होत होत्या, तेथे त्यानंतरच्या पाव शतकात बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांत चाकरी करणारी, मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा प्रांतांतून आलेली कुटुंबे तेथे नांदू लागली. अशा गावात ‘फेरफार’ हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, की तलाठ्याच्या दप्तरात तशी नोंद होते, हरकतींची मुदत उलटते, आणि जमिनीची कालची स्थिती आजच्या स्थितीला जागा करून देते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी मी शेजारच्या एका मुलाचा महाविद्यालय बदलण्याचा अर्ज भरून देत होतो, तेव्हा हाच शब्द माझ्या मनात वारंवार येत होता. वडिलांना चाकणला काम लागल्यामुळे कुटुंब इकडे आले होते. मुलाने मूळ जिल्ह्यात पदवीचे पहिले वर्ष एकही विषय न राखता, उत्तम श्रेणीत पुरे केले होते. शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, ना हरकत दाखला, सारे कागद जमवलेले होते. अर्जात मात्र दहावीचा रकाना पहिला, बारावीचा दुसरा, आणि पदवीच्या वर्षाचा रकाना अगदी तळाशी होता. खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद चाळले आणि सौम्यपणेच सांगितले, “बारावीला साठच्या आत आहेस रे बाळा, यादीत नाव वर येणार नाही.” “पण सर, पहिल्या वर्षाचे गुण?” या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते, आणि दोष त्याचाही नव्हता, रकान्यांचा तो क्रम त्याने ठरवलेला नव्हता.

ज्या परीक्षेचा एवढा दीर्घ अंमल आपण मान्य करतो, तिचा मूळ हेतू काय होता? मुंबई विद्यापीठाने 1859 साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली आणि महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे विद्यार्थी तीतून उत्तीर्ण झाले, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे एवढाच होता. ती एक वेस होती. वेशीतून आत आलेल्या इसमास गावात पुन्हा पुन्हा वेशीची पावती मागण्याचे प्रयोजन नव्हते. पुढे या परीक्षेची जागा शालान्त परीक्षेने घेतली, आणि हे नाव ज्याने योजिले त्याने मोठे औचित्य साधले असे मला वाटते, कारण शाळेचा जेथे अन्त होतो तेथे त्या परीक्षेच्या अधिकाराचाही अन्त व्हावा, हा न्याय त्या सामासिक शब्दातच अनुस्यूत आहे.

या भूमिकेवर घेतला जाणारा आक्षेप क्षुल्लक नाही. मंडळाची परीक्षा लाखो मुलांना एकच प्रश्नपत्रिका देते. उलट स्वायत्त महाविद्यालये आपापल्या प्रश्नपत्रिका काढतात, आपापल्या हाताने गुण देतात, आणि एका ठिकाणची उत्तम श्रेणी दुसऱ्या ठिकाणच्या उत्तम श्रेणीशी तोलता येत नाही. शिवाय जेथे समान माप नसते तेथे शिफारशीला वाव मिळतो, आणि शिफारस ही गरिबाच्या मुलाला कधीच परवडत नाही. हे सर्व मला मान्य आहे. परंतु माप समान असणे आणि मापावयाची वस्तू तीच असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय ते मापही आपण समजतो तितके स्थिर राहिलेले नाही. 2014 आणि 2015 या दोन वर्षी राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशात बारावीच्या गुणांना निम्मे वजन होते, आणि 2016 पासून राज्याची सीईटी पुन्हा निर्णायक झाली. 2021 साली तर महामारीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही; नववीचा निकाल आणि शाळेचे अंतर्गत मूल्यमापन यांवर गुण दिले गेले व 99.95 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. त्या वर्षीच्या गुणपत्रिकेतील आकडा आणि त्याआधीच्या वर्षीचा आकडा एकाच रकान्यात लिहिले जातात, म्हणून ते एकाच गोष्टीची साक्ष देतात असे होत नाही.

याहून महत्त्वाचे हे की, जे तत्त्व मी मांडतो आहे ते महाराष्ट्राने एका ठिकाणी फार पूर्वीच पत्करलेले आहे. तंत्रनिकेतनात पदविकेसाठी प्रवेश घेताना दहावीचे गुण निर्णायक असतात, आणि ते रास्त आहे, कारण त्या क्षणी मुलाजवळ दुसरा पुरावा नसतो. परंतु तोच मुलगा तीन वर्षांनी पदवीच्या थेट द्वितीय वर्षासाठी उभा राहतो, तेव्हा गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. दहावीला मागे पडलेली, कारखान्यातील कामगाराच्या घरची कितीतरी मुले या वाटेने अभियंते झाली आहेत. तेथे तंत्रशिक्षण मंडळाची सामायिक परीक्षा असल्यामुळे हे साधले, असे कोणी म्हणेल. तर मग पदवीच्या विद्यार्थ्यासाठीही तसे सामायिक माप निर्माण करणे हे आपले कर्तव्य ठरते, जुन्या मापाला कवटाळून बसणे नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठ सामुदायिक महाविद्यालयांतील ज्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांच्या अध्ययनानंतर तिसऱ्या वर्षात घेते, त्यांची निवड प्रामुख्याने महाविद्यालयातील कामगिरीवरच करते. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली श्रेयांकांची पेढी स्थापण्याचे नियम केले, आणि तेथे जमा झालेल्या श्रेयांकांना जास्तीत जास्त सात वर्षांची मुदत घातली. महाविद्यालयात कमावलेल्या विद्येला मुदत असावी आणि पंधराव्या वर्षी मिळवलेल्या टक्क्यांना ती नसावी, याची संगती मला लावता येत नाही.

म्हणून माझे निवेदन मर्यादित आहे. पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पुरे केलेल्या विद्यार्थ्याच्या बदलीच्या अर्जात शालेय गुण पात्रतेच्या किमान अटीपुरतेच पाहावे; क्रम लावावयाचा तो त्या वर्षाच्या कामावर लावावा; आणि दोन महाविद्यालयांच्या श्रेणी तुल्य नाहीत अशी शंका असेल, तर प्रवेश देणाऱ्या विभागाने संबंधित विषयांची एक लेखी परीक्षा सर्व अर्जदारांची सारखीच घ्यावी, म्हणजे शिफारशीलाही वाट उरणार नाही. दहावी-बारावीची नोंद खोडावी असे मी म्हणत नाही. फेरफारानेही जुनी नोंद नष्ट होत नाही, ती दप्तरात राहते. मात्र आजचा ताबा कोणाचा हे नवी नोंद सांगते. त्या अर्जातला तळाचा रकाना सर्वांत वर यावा, एवढेच मागणे आहे.