एका पावलाचा प्रश्न

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात अँझा-बोरेगो नावाचे विस्तीर्ण वाळवंट आहे. एरवी तेथे वाळू, खडक व काटेरी झुडपे यांवाचून फारसे काही दृष्टीस पडत नाही. तथापि दीर्घ अवर्षणानंतर २०१६-१७ च्या हिवाळ्यात तेथे भरपूर पाऊस झाला आणि मार्च २०१७ मध्ये ती भूमी जांभळ्या, पांढऱ्या व पिवळ्या फुलांनी झाकून गेली. २०१९ साली पुन्हा तसेच घडले.

ही फुले बाहेरून आली नव्हती. त्यांची बीजे वाळूतच पडून होती. अशा अनेक बीजांच्या कवचात अंकुर रोखून धरणारी द्रव्ये असतात. हलक्या सरीने ती धुऊन जात नाहीत, म्हणून बीज फसत नाही. पाऊस भरपूर झाला तरी सर्वच बीजे त्या वर्षी रुजत नाहीत. काही मागे राहतात. रुजलेल्या रोपास मात्र थोड्याच आठवड्यांत फुलून, बीज धरून संपावयाचे असते. पुढील कित्येक वर्षांची पुंजी वाळूत जमा होते ती याच अल्प काळात.

आणि नेमकी याच काळात माणसे येतात. २०१७ मध्ये सुमारे तीन हजार वस्तीच्या बोरेगो स्प्रिंग्ज या गावी एवढी गर्दी लोटली की रस्ते तुंबले आणि उपाहारगृहांतील अन्न संपले. छायाचित्रासाठी वाट सोडून फुलांत शिरणारे अशा गर्दीत असतातच. त्यांतील प्रत्येकाचे म्हणणे एकच असते : माझ्या एका पावलाने काय बिघडणार आहे?

हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. लक्षावधी रोपांत चार चिरडली, तर हिशेबात ती दिसतही नाहीत. तेथील एका पतंगाचे सुरवंट तर रोपेच्या रोपे फस्त करतात. त्यांना कोणी दोष देत नाही. उलट अर्जेंटिनाकडून उत्तरेस परतणारे शिकारी पक्षी त्याच सुरवंटांवर पोट भरून पुढचा प्रवास करतात. मग दोष माणसाच्याच पावलास का?

मला वाटते, सुरवंटाच्या मागे सुरवंट त्याचे पाहून येत नाही. माणसाचे तसे नाही. पहिल्याच्या पाऊलखुणा दिसल्या की दुसरा निर्धास्तपणे आत शिरतो, तिसऱ्यास ती वाटच वाटते. (देवस्थानच्या कार्यालयात बसून उत्सवाची गर्दी पाहणाऱ्यास हे निराळे सांगावे लागत नाही.) तेव्हा ‘माझे एक पाऊल’ हे शब्दच खरे नव्हेत.

यावर कोणासच येऊ देऊ नये, हा उपाय मला पटत नाही. इतक्या वर्षांनी फुललेले पाहण्याची ओढ निर्मळच आहे. पण आज चिरडलेल्या फुलाचे बीज कदाचित दहा वर्षांनी फुलले असते. ते पाहणारे मूल अद्याप जन्मासही आलेले नाही, आणि छायाचित्र काढले जात असताना त्याच्या वतीने बोलावयास तेथे कोणीही उभे नसते.