झाकणाआडचे काम

एखादे काम चांगले झाले, हे आपण कशावरून ओळखतो? भाकरी टम्म फुगली, की पीठ नीट मळले होते असे समजावे. श्रावण सरला आणि घरात थेंब पडला नाही, की कौले नीट शाकारली होती असे समजावे. काम आपली साक्ष आपणच देते, असा आपला नित्याचा अनुभव आहे. पण काही कामांत ही साक्ष अपुरी पडते. इतकेच नव्हे, तर कधीकधी ती चक्क खोटी निघते. अशा ठिकाणी काम करणारा कोणाला बांधलेला असतो? हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि तो मी काहीशा अनपेक्षित वस्तूच्या आधारे मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे घरी, हाताने तारा जोडून तयार केलेला गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आपल्यातील ज्येष्ठांना सांगायला नको. रेडिओची कळ फिरवली, की मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसू लागे आणि थोड्या वेळाने आवाज उमटे, तो काळ त्यांनी पाहिला आहे. काचेच्या या निर्वात नळीचा पहिला अवतार जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली सिद्ध केला. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे अग्र बसवले आणि क्षीण विद्युत्‌संदेश मोठा करण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. पण १९४७ साली जन्मलेल्या ट्रान्झिस्टरने तोवर जगभर आपले बस्तान बसवायला सुरुवात केली होती, आणि पुढे आपल्या घरांतूनही व्हॉल्व्ह हद्दपार झाला.

गिटारवादकांनी मात्र त्याची साथ सोडली नाही. ही केवळ जुन्याची ओढ नव्हे. शक्तीबाहेर ओझे पडले, की व्हॉल्व्ह ध्वनिलहरीचा माथा एकदम छाटत नाही, तो हळूहळू दाबत नेतो. त्या दबण्यातून स्वराला एक खरखरीत ऊब येते. गंमत अशी, की कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे हे अ‍ॅम्प्लिफायर घडवणाऱ्या लिओ फेंडर यांना हवा होता तो स्वच्छ, निर्मळ आवाज. ते स्वतः गिटार वाजवत नसत. त्यांनी जो दोष म्हणून टाळू पाहिला, तोच वादकांनी गुण म्हणून उचलून धरला. निर्मात्याचा हेतू आणि वस्तूचे भाग्य यांची अशी फारकत हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

घरी बनवू पाहणारे बहुधा फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘चॅम्प’ या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरपासून प्रारंभ करतात. त्यात व्हॉल्व्ह अवघे तीन. १२एएक्स७ हा गिटारचा नाजूक संदेश वाढवतो, ६व्ही६ त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो, आणि ५वाय३ विजेच्या उलटसुलट प्रवाहाला एका दिशेला वळवतो. सगळे मिळून ताकद सुमारे ५ वॉट. छापील सर्किट नाही. फायबरची एक पट्टी, तिच्यावर पितळी छिद्रे, आणि प्रत्येक छिद्रात हाताने दिलेला सोल्डरचा सांधा. नकाशा सहज मिळतो. रेझिस्टर, कंडेन्सर, तारा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात, आणि आपल्या २३० व्होल्टला साजेसा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो. पैशांचा हिशेब केला तर दुकानातला तयार, ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर पुष्कळदा स्वस्त पडतो. तरीही माणसे आठवडेच्या आठवडे संध्याकाळी दिव्याखाली मान घालून बसतात. त्यांना मी दोष देणार नाही. ज्या वस्तू आपण वापरतो, त्यांतील एखादी तरी आरपार समजलेली असावी, ही इच्छा मानवी बुद्धीच्या प्रतिष्ठेला शोभणारीच आहे.

या कामाचा बराचसा भाग असा आहे, की त्याचा न्याय कान करतो. व्हॉल्व्हचे तंतू ६.३ व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहावर तापतात. तो प्रवाह नेणाऱ्या दोन तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन कोपऱ्याकोपऱ्याने न्याव्या लागतात, म्हणजे एकीचा गुंजारव दुसरी खोडून काढते. आळस केला, पीळ सैल ठेवला, की स्पीकरमधून भुंग्यासारखा अखंड ‘हं’ ऐकू येतो. सांधा देताना कथील पुरते वितळले नाही, तर तो निस्तेज, दाणेदार दिसतो आणि पुढे कधीतरी आवाज तुटू लागतो. इथे काम आपली साक्ष देते. चुकलेल्याला लगेच कळते आणि सुधारायला वाव असतो.

आता प्लगच्या तिसऱ्या पिनेकडे वळू. गिटारच्या तारा धातूच्या. त्या आतून वायरीमार्गे अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीला जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाची बोटे तारांवर टेकली, की तो त्या पेटीलाच हात लावून उभा असतो. पेटी अर्थिंगच्या तारेने जमिनीशी नीट बांधलेली असेल आणि आत एखादी जिवंत तार सुटून पेटीला टेकली, तर प्रवाह त्या तारेने जमिनीकडे धावतो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. अर्थिंग नसेल, तर पेटी वीज अंगावर घेऊन मुकाट बसून राहते. वादक वाजवत राहतो, आवाज उत्तम येतो, आणि मग तो गाण्यासाठी दुसऱ्या यंत्राला जोडलेल्या माइकला हात किंवा ओठ लावतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता.

अर्थिंग असलेल्या आणि नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजात कानाला फरक कळत नाही. पण गोष्ट इथे थांबत नाही. मंचावर दोन-तीन यंत्रे निरनिराळ्या मार्गांनी जमिनीला जोडली गेली, की त्यांच्यात एक फेरा तयार होतो आणि त्यातून गुणगुण उठते. ती घालवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे. गुणगुण तत्काळ थांबते. सगळे समाधानाने माना डोलावतात. म्हणजे ज्या क्षणी यंत्र प्राणघातक झाले, त्याच क्षणी ते कानाला अधिक चांगले वाटू लागले! सणासुदीच्या मंडपात, लग्नाच्या रात्री, दोन उघड्या तारा काडीने सॉकेटात खोचलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिथे लाउडस्पीकर सुरेख वाजत असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला अ‍ॅरिस्टॉटलने केलेला एक भेद शिकवला जाई: घडवणे वेगळे आणि वागणे वेगळे. घडवण्याचे श्रेय घडलेल्या वस्तूत असते. वागण्याचे श्रेय वागणाऱ्यात. म्हणूनच, जाणूनबुजून चूक करणारा कारागीर हा अजाणता चुकणाऱ्यापेक्षा कारागीर म्हणून श्रेष्ठच ठरतो, कारण त्याला कसब आहे. नीतीच्या क्षेत्रात मात्र याच्या नेमके उलटे. संत थॉमस अक्वायनस हाच धागा पुढे नेतात. कारागिराची कारागीर म्हणून वाखाणणी होते ती त्याच्या मनातील सद्‌हेतूमुळे नव्हे, कामाच्या गुणवत्तेमुळे, असे ते निःसंकोच म्हणतात. तरुणपणी मला हे विधान काहीसे रूक्ष वाटे. पण त्याच विवेचनात थॉमस आणखी एक पाऊल टाकतात: कसबाचा सदुपयोग व्हायचा तर इच्छाशक्ती सरळ असावी लागते, आणि कारागिराला आपले काम इमानाने करायला प्रवृत्त करतो तो न्याय हा सद्‌गुण.

न्याय! सौंदर्यदृष्टी नव्हे, चिकाटी नव्हे, दयाही नव्हे. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. तो एकट्याने आचरता येत नाही. त्याला समोर दुसरा कोणीतरी लागतो. मग आपल्या खोलीत, आपल्या हौसेने, आपल्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्याच्या समोर कोण असते? गिऱ्हाईक नाही, मालक नाही, तपासनीस नाही.

याचे उत्तर एका क्षुल्लक भागात सापडते. चॅम्पच्या आत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो मोठ्या कंडेन्सरांत साठवलेला असतो. प्लग काढला तरी हा साठा लगेच नाहीसा होईलच असे नाही. यंत्र धडधाकट असेल, तर तापलेले व्हॉल्व्ह तो बहुधा शोषून घेतात. पण व्हॉल्व्ह निकामी झालेला असेल किंवा काढून ठेवलेला असेल, तर तो तसाच दबा धरून बसतो. म्हणजे यंत्र आजारी पडते आणि कोणीतरी ते उघडते, नेमक्या त्याच वेळी तो आत असतो. यावर इलाज सोपा आहे. कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये २२० किलोओहमचा, २ वॉटचा एक रेझिस्टर कायमचा जोडून टाकावा. बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात दाब दहा व्होल्टच्या खाली येतो. खर्च काही रुपये. आवाजात काही फरक नाही. जुन्या नकाशात हा रेझिस्टर नाही, त्यामुळे तो वगळणाऱ्याने नकाशाशी बेइमानी केली असे कोणी म्हणू शकत नाही. ज्याने बनवले त्याला तो साठा आत आहे हे ठाऊकच असते. मग तो रेझिस्टर कोणासाठी? जो अजून आलेला नाही, कदाचित अजून जन्मलाही नाही, आणि जो एके दिवशी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते झाकण उघडेल, त्याच्यासाठी.

“मी माझ्यापुरते बनवले आहे” हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. विद्युत्-द्रावणाचा कंडेन्सर वीस-तीस वर्षांत वाळतो आणि बदलावा लागतो. पेटी कोणीतरी उघडणार, हे जवळजवळ ठरलेलेच आहे. फुलर्टनमधून सत्तर वर्षांपूर्वी बाहेर पडलेली यंत्रे आजही वाजतात, आणि ती आज ज्यांच्या घरी आहेत त्यांची नावे बनवणाऱ्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते.

जुन्या नकाशांविषयीही थोडे बोलायला हवे, कारण या छंदातील भाविकांची एक जात नकाशाला वेदवाक्य मानते. त्या काळच्या अनेक अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरांत दोनच पिनांचा प्लग असे आणि गुणगुण कमी करण्यासाठी विजेच्या एका तारेपासून पेटीपर्यंत एक कंडेन्सर जोडलेला असे. तो फुटला, की वीज थेट पेटीवर येते. दुरुस्ती करणारे त्याला उघडपणे मृत्यूचा कंडेन्सर म्हणतात. तरीही अस्सलपणाच्या हौसेपायी तो पुन्हा बसवणारे सापडतात. जुन्याविषयी आदर असावा. तो मलाही आहे, माझ्या पेशात तो असावाच लागतो. पण ज्यांनी तो बसवला त्यांच्या हाती त्या वेळी जे होते ते त्यांनी केले. आपल्या हाती तीन पिनांचा प्लग असताना त्यांच्या अडचणीची नक्कल करणे हा आदर नव्हे.

त्या कारखान्यातील एक गोष्ट मात्र नक्कल करण्यासारखी आहे. तारा जोडण्याचे काम तिथे बहुतांशी स्त्रिया करीत. त्यांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया पुष्कळ होत्या. त्या दशकातील कित्येक अ‍ॅम्प्लिफायर उघडले, की पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा एक पिवळा पडलेला तुकडा दिसतो आणि त्यावर हाताने लिहिलेले एका बाईचे पहिले नाव. दर्शनी बाजूला नाव मालकाचे, मोठ्या अक्षरांत. हे नाव आत, जिथे विकत घेणारा कधी डोकावत नाही आणि दुरुस्त करणाऱ्याशिवाय कोणाची नजर जात नाही. आज ही यंत्रे दुरुस्त करणारे तो तुकडा जपून ठेवतात, सांधे बदलले तरी त्याला धक्का लावत नाहीत.

आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्या एका तरुणाने असा चॅम्प बनवला आहे. मी त्याला झाकण काढून दाखवायला सांगितले. अर्थिंगची तार पेटीला स्वतंत्र बोल्टने आवळलेली होती, रेझिस्टर जागेवर होता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद डकवून त्याने बॉलपेनने तारीख, कोणत्या ठिकाणी किती व्होल्ट आहेत ते आकडे, आणि ‘बंद करून एक मिनिट थांबा, मग मोजून पाहा’ असे लिहिले होते. नाव घातलेले नव्हते. विचारले, तेव्हा म्हणाला, “फादर, अजून थोडी गुणगुण उरली आहे. ती गेली की घालीन.”